गव्हर्नरांचं उत्तर

१

ऑरेल थिबोडो वारला आणि पाचव्या दिवशी खोटारडा ठरला.

मंगळवारी सकाळी त्याची मुलगी नोएल बूट न काढताच माझ्या स्वयंपाकघरात आली. बुटांचा बर्फ फरशीवर वितळत होता. तिने एक पिवळा कागद टेबलावर ठेवला.

"बाई, हे वाचलंत?"

वाचलं होतं. हॅडली फॉल्समध्ये तो कागद सगळ्यांनीच वाचला होता. चारशे प्रती काढल्या होत्या. पोस्टात, न्हाव्याकडे, डायनरच्या काउंटरवर त्याचे गठ्ठे पडले होते. वर शीर्षक होतं, 'ऑनलाइन पोकर कायदेशीर करणार का? पाच उमेदवारांची उत्तरं.' पुढच्या मंगळवारी आमच्या राज्यात पक्षाच्या उमेदवारीसाठी मतदान होतं. सिनेटर प्रॅट यांचं उत्तर 'नाही' होतं. घराघरात जुगाराचे अड्डे कोणाला हवेत, असा त्यांचा सवाल होता. काँग्रेसमन सटक्लिफ यांचं 'हो' होतं. मोठ्या माणसाने आपल्या घरात काय खेळावं हे सरकारने सांगू नये, असं ते म्हणत. पण सटक्लिफ निवडून येणार नाहीत हे खुद्द त्यांच्या बायकोलाही ठाऊक असावं. एका उद्योगपतीने 'ज्याच्या त्याच्या राज्याने ठरवावं' म्हणून अंग काढून घेतलं होतं. एका पाद्र्याने उत्तराऐवजी बायबलमधली ओळ पाठवली होती.

शेवटचं नाव सगळ्यांत पुढे असलेल्या गव्हर्नर टिलिंगहास्ट यांचं होतं. त्यांच्यापुढे एकच शब्द छापला होता, 'हो'.

"सकाळी त्यांच्या कचेरीने पत्रक काढलंय," नोएल म्हणाली. "गव्हर्नर असं कधीच बोलले नाहीत, हे उत्तर बनावट आहे, असं. आपल्या साप्ताहिकवाल्यांचा फोन आला होता. शुक्रवारी छापणार म्हणे, ऑरेल थिबोडोने उत्तर बनवलं. गुरुवारी दुपारपर्यंत खरं काय ते सांगा, नाहीतर आम्ही मोकळे. आणि शनिवारी बाबांचा अंत्यविधी आहे, बाई. शनिवारी!"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं गव्हर्नर बोलले आणि आता उलटले. नाहीतर आर्मंडकाकांचा उद्योग आहे. बाबांचे मित्र खरे, पण त्यांच्या अंगणात गव्हर्नरांची पाटी आहे ना! विचारलं तर म्हणतात, गव्हर्नरांच्या त्या भेटीबद्दल बाबांशी बोलणंच झालं नाही. पत्तेवाल्यांची मतं मिळवायला हे बरं." तिने कागदावर बोट ठेवलं. "बाबा खोटं लिहायचे नाहीत. तुम्हाला तरी माहीत आहे."

मला माहीत होतं. ऑरेलने एकतीस वर्षं कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत कागदाची जाडी आणि ओलावा मोजला. मी त्याच गावच्या शाळेत तितकीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मोजमापाच्या शेवटच्या अंकावरून आम्ही रस्त्यात उभं राहून भांडलो आहोत. आता मी मतदार यादी तपासणाऱ्या तिघांपैकी एक आहे, त्यामुळे गावात काही खटकलं की लोक माझ्याकडे येतात.

"बूट काढ आणि बस," मी म्हटलं. "मग जाऊ तुझ्या आईकडे."

२

ल्युसील थिबोडो धुतलेल्या बश्या पुन्हा धूत होती. पुढच्या खोलीत ऑरेलचा वर-खाली होणारा पलंग तसाच होता, खिडकीला लावलेला. पलंगावर आडवं सरकणारं टेबल होतं आणि त्यावर त्याचा जुना लॅपटॉप.

स्नायू झिजण्याचा आजार चार वर्षं चालला. आधी पाय गेले, मग उजवा हात. बाहेरचं जग म्हणजे दर मंगळवारी दुपारी इंटरनेटवर भरणारं पोकरचं टेबल होतं. खेळ दमड्यांचा असे, पण माणसं बारा वर्षांची जुनी होती. सॅस्कॅचवानमधली एक परिचारिका, ग्लासगोचा एक बसचालक आणि दोन भाऊ, जे एकमेकांशी फक्त तिथेच बोलत. मागच्या एप्रिलमध्ये सरकारने आमच्या देशात त्या साइट्स बंद केल्या. टेबल चालूच राहिलं, पण ऑरेलला त्यातून बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून त्याने उमेदवारांच्या मागे लागण्याचं काम घेतलं.

"डिसेंबरात चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण होतं, तिथे गव्हर्नर आले होते," ल्युसील म्हणाली. "ऑरेल येऊ शकत नव्हता म्हणून मी विचारलं. ते हो म्हणाले."

"शब्द काय होते?"

"एस्टेल, शब्द नाही आठवत गं. हो, एवढंच."

"घरी आल्यावर?"

तिने फडकं पिळलं. "चर्चमधली भांडी घासून आले, आठ वाजले असतील. तो जागा होता, उत्तर लिहायचं कार्ड मांडीवरच होतं. काय म्हणाले, विचारलं त्याने. मी सांगितलं. माझ्याकडे बघत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, पाणी दे, गार दे, नळ जरा वाहू दे. पाणी घेऊन आले तर लिहून झालं होतं. पांघरूणभर रबराचा चुरा. तो झटकला आणि झोपलो." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "त्यानंतरचे तीन आठवडे बघायला हवे होतेस. टेबल खिडकीपाशी घे म्हणाला, उजेडात खेळायला बरं. परिचारिकाबाई म्हातारी झाली असेल म्हणाला. आम्ही हसायचो."

"आणि हा कागद कोणी छापला, ममी?" नोएलने दारातून विचारलं.

"मीच. तो तर रोज उद्या म्हणायचा. नाताळ होऊ दे, म्हणायचा. मग... मग त्याचं काम अर्धं राहू नये म्हणून मी कार्डांवरून टाइप केलं."

तिने कार्डांची पेटी माझ्या हातात दिली. गिरणीच्याच जाड, मऊ पुठ्ठ्याची कार्डं होती. डाव्या हाताने, पेन्सिलने काढलेली थरथरती अक्षरं. पुढे उमेदवाराचं नाव, तारीख, उत्तर. मागच्या बाजूला दोन ओळी, दोन साक्षीदारांच्या. प्रत्येक कार्डावर दोन नावं होती.

गव्हर्नरांच्या कार्डामागे पहिल्या ओळीवर 'ल्युसील' होतं. दुसरी ओळ कोरी होती.

३

गव्हर्नरांची गावातली कचेरी जुन्या चपलांच्या दुकानात होती. तिथली प्रमुख ब्रिजेट मॅकेल्रॉय माझी विद्यार्थिनी.

"ब्रोशूबाई, तुमच्या वर्गात मी दोनदा नापास झाले," ती खुर्ची पुढे सारत म्हणाली. "तुमच्यापुढे खोटं बोलून तिसऱ्यांदा व्हायची हौस नाही. थिबोडोकाकांबद्दल मलाही वाईट वाटतं. पण ते हो म्हणालेच नाहीत. या प्रश्नावर त्यांनी हो म्हणायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे."

"का?"

"हो म्हटलं तर चर्चवाले जातात, नाही म्हटलं तर पत्तेवाले. आणि त्यांच्या स्वतःच्या राज्यात तीन कसिनो आहेत." तिने फोन पुढे केला. "प्रत्येक सभेचं रेकॉर्डिंग असतं. ऐका."

ताटांचे आवाज आले. मग ल्युसीलचा आवाज, नेहमीपेक्षा उंच. "माझा नवरा घराबाहेर पडू शकत नाही. त्याचं पोकरचं टेबल तुम्ही परत उघडाल का? हो की नाही, एवढंच सांगा."

शांतता. चार सेकंद, मी दोनदा मोजले.

मग ठक, ठक. लाकडावर बोटांच्या पेरांचा आवाज. त्यावर हशा पिकला, आणि गव्हर्नर म्हणाले, "पुढचा प्रश्न?"

"मला वाटलं माईक आपटला," ब्रिजेट म्हणाली.

मला तसं वाटलं नाही. आमच्याकडे चांगलं काही घडावं असं वाटलं की लाकडावर दोनदा बोटं आपटतात. माझी आई रोज आपटायची. देव करो आणि तसंच होवो, असा त्याचा अर्थ. ल्युसीलने तोच अर्थ घेतला असेल तर तिने तो 'हो' समजणं साहजिक होतं. म्हणजे कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रामाणिक चूक. नोएलला सांगण्याजोगं उत्तर होतं.

फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. देव करो म्हटल्यावर साठ माणसं हसतात कशाला?

४

आर्मंड कुलोंब चर्चच्या तळघरात खुर्च्या रचत होता. पत्त्यांची दर गुरुवारची मदतनिधीची मैफल तोच चालवतो.

"काय एस्टेल! या वयात पत्ते शिकायला आलीस? बस. पण चष्म्यात तुझे पत्ते दिसतील मला."

"त्या दिवशी गव्हर्नरांनी टेबल ठोकलं तेव्हा तू हसलास?"

"सगळेच हसलो. अगं, त्यांनी 'चेक' केलं!" त्याने खुर्चीची पाठ दोनदा ठोकली. "पाळी आली, पण पत्ते टाकायचे नाहीत आणि डावही वाढवायचा नाही. मग बोलायचं नाही, असं ठोकायचं. माझी पाळी पुढे गेली, आधी दुसऱ्यांचं बघतो. बायबलवाल्यांना वाटलं काही नाही बोलले. पत्तेवाल्यांना कळलं, आपल्यातला आहे. हुशार माणूस. म्हणून तर पाटी लावली."

"म्हणजे हो नाही."

"हो नाही, नाही नाही. काहीच नाही."

"ल्युसीलला हे ठाऊक होतं?"

"तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही. पाळीला पंधरा सेकंद मिळतात, ऑरेलचा हात तेवढ्यात पोचायचा नाही. तो सांगायचा, ती बटण दाबायची. बदाम कुठलं आणि चौकट कुठली, तेसुद्धा विचारायची." तो हसला. "ऑरेल म्हणायचा, जगातली सगळ्यात प्रामाणिक भिडू. गव्हर्नरांचं सांगितलं तेव्हासुद्धा म्हणाला, म्हातारा पत्ते छातीशी धरून बसलाय, आता माझ्या ल्युसीलला काय..."

तो थांबला. खुर्ची हातात तशीच राहिली.

"कधी म्हणाला, आर्मंड?"

"केव्हातरी."

"तू तर म्हणत होतास, त्या जेवणाबद्दल ऑरेलशी तुझं बोलणंच झालं नाही. नोएलला तू तसं सांगितलंस."

त्याने खुर्ची रचली, नीट केली, मग पुन्हा नीट केली. "पाटीवरून लोक मला काय म्हणतायत ते ऐकतोय मी. म्हणू दे. मी त्याला शब्द दिलाय, एस्टेल. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येत नाही. विचारू नकोस."

५

मला त्याला विचारायची गरज पडली नाही. बुधवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. बर्फावरून येणारा उजेड सपाट असतो. मी गव्हर्नरांचं कार्ड खिडकीत आडवं धरलं आणि हळूहळू फिरवलं.

ऑरेलचा डावा हात दुबळा होता, पण तो पेन्सिल दाबून लिहायचा. दाबली नाही तर ती निसटायची. रबराने शिसं निघतं, पुठ्ठ्यावरचा खड्डा निघत नाही. 'हो'च्या खाली, 'हो'पेक्षा लांब, चार शब्द उमटले होते: 'दोनदा ठोकलं. उत्तर नाही.'

हे शब्द लिहायला त्याला दहा मिनिटं तरी लागली असणार. ल्युसील परतल्यावर त्याच्यापाशीच बसली होती, ती फक्त पाणी आणायला उठली. तेवढ्या वेळात त्याने काही खोडलं असेल आणि एका अक्षराचा शब्द लिहिला असेल, त्याहून जास्त नाही. म्हणजे ते चार शब्द ती यायच्या आधीचे. ती भांडी घासत असताना आर्मंडने फोन केला असणार, आणि ऑरेलने खरं उत्तर लिहून ठेवलं. मग बायको घरी आली आणि म्हणाली, हो म्हणाले.

त्याने पाणी मागितलं. नळ वाहू दे म्हणाला.

दुसरी ओळ मात्र त्याने कोरी ठेवली. दोन साक्षीदारांशिवाय त्याचं एकही कार्ड छपाईला जात नसे, आणि हे जाऊ नये म्हणूनच तो रोज उद्या म्हणत राहिला. ऑरेलने मतदारांना फसवलं नव्हतं. त्याचं नाव धुऊन निघायला एवढं पुरेसं होतं.

उरला एकच प्रश्न. ल्युसील चुकली होती, की खोटं बोलली होती?

दुपारी मी तिच्याकडे गेले. नोएल फुलांचं ठरवायला बाहेर गेली होती. ल्युसील स्वयंपाकघरात डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री गरम करत होती. मी पलंगाशी जाऊन लॅपटॉप उघडला. साइट बंद होती, पण सरावाचा खेळ त्यातच होता, संगणकाशी एकट्याने खेळायचा. पत्ते वाटले गेले. खाली तीन बटणं होती. मी मधलं दाबलं, 'चेक'.

लॅपटॉपमधून आवाज आला. ठक, ठक.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मी पुन्हा दाबलं. ठक, ठक. बारा वर्षं टेबल, त्यातली शेवटची काही तिच्या बोटाने. या घरात तिने तो आवाज हजारो वेळा काढला होता. पत्ते कळत नसले तरी हे बटण तिला ऑरेलने पहिल्याच दिवशी शिकवलं असणार.

"एस्टेल," ती दारात उभी राहून म्हणाली, "बंद कर ते. मी पाया पडते तुझ्या."

६

ती पलंगाच्या कडेला बसली, ऑरेलच्या जागी नाही, तिच्या.

"गव्हर्नरांनी ठोकलं तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "सगळे हसले. मला वाटलं, सात महिने हा माणूस एका हाताने पत्रं लिहितोय, आणि मी घरी काय घेऊन जाऊ? ठकठक? दारापर्यंत ठरलं नव्हतं माझं. त्याने विचारलं, आणि तोंडून गेलं, हो म्हणाले. त्याचा चेहरा... मग परत घेता येईना."

"आणि छापलंस का?"

"त्याच्या हाताने लिहिलेलं मी कसं बदलू? शेवटचं लिहिलेलं होतं ते. बदललं असतं तर मी त्याला फसवलं, हे त्याला... आता कुठे कळणार, पण मला वाटलं कळेल." तिने डोळे पुसले नाहीत. "उद्या सांगते मी पेपरवाल्यांना. माझं खोटं आहे, त्याचं नाही. तो खोटारडा म्हणून जायला नको. मला काय म्हणायचं ते म्हणू देत. फक्त एक सांग. तुला सगळं नेमकं कळतं. त्याने विश्वास ठेवला होता ना? आशेवर गेला ना तो?"

मी आयुष्यात कधी आकडा सोयीचा करून लिहिलेला नाही. त्या क्षणी लिहावासा वाटला. हो म्हटलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. ऑरेलचं नाव सुटलं असतं, आर्मंडचा शब्द राहिला असता. पण या घरात त्या शब्दाने एवढं केलं होतं की तो पुन्हा उच्चारायला माझी जीभ वळेना.

मी कार्ड बाहेर काढलं. खिडकीत ऊन उतरत होतं. मी ते तिच्यासमोर आडवं धरलं.

तिला वाचायला वेळ लागला. मग तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि अंगठ्याने खड्ड्यांवरून हळू चाचपलं, आंधळी माणसं चाचपतात तसं.

"हे आधीचं?"

"आधीचं. तू घरी येण्याआधीचं."

"म्हणजे त्याला..." तिने कार्ड मांडीवर ठेवलं. "टेबल खिडकीपाशी घे म्हणाला होता. मला एकटीला हलेना, तर म्हणाला ढकल, ढकल, जमतंय तुला. परिचारिकाबाईला म्हातारी म्हणाला. एस्टेल, तीन आठवडे तो हसत होता."

मी मान डोलावली.

"कोणासाठी?"

तिला उत्तर नको होतं.

मांस करपल्याचा वास आला. मी उठून ओव्हन बंद केला आणि तिथेच उभी राहिले. पुढच्या खोलीत ती रडली, अंत्यविधीच्या तयारीत पाच दिवस न रडलेली बाई. नोएल आली, फुलांच्या दुकानाची पावती हातात, आणि दारातच थबकली. ल्युसीलने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्वतःचं नाव कुठेही न वगळता. नोएल मध्येच म्हणाली, "ममी, का नाही सांगितलंस त्याला?" आणि ल्युसील म्हणाली, "त्याने तरी कुठे सांगितलं?" मग तिला त्याचं हसू आलं आणि ते हसू टिकलं नाही.

गुरुवारी सकाळी नोएलने तिला साप्ताहिकाच्या कचेरीत नेलं. निवेदन ल्युसीलने स्वतः लिहिलं होतं. टाइप करून देते म्हटलं, तर नको म्हणाली. चार वाक्यं लिहायला तिने कालची अख्खी संध्याकाळ घेतली होती:

'गव्हर्नरांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ते हो म्हणाले, आणि तो गेल्यावर तेच छापलं. त्याला खरं ठाऊक होतं. ते त्याने मला कधी कळू दिलं नाही.'

अकरा वाजता संपादकाचा मला फोन आला. तोही माझा जुना विद्यार्थी.

"बाई, खुलासा छापतोय, पहिल्या पानावर, थिबोडोकाकांच्या फोटोसकट. त्यांचा दोष नव्हता, हे स्पष्ट होतंय. पण जागा कमी पडतेय. शेवटचं वाक्य गाळलं तर चालेल का? बातमीच्या दृष्टीने त्याची गरज नाही."

"फोटो लहान कर," मी म्हटलं.